सिस्टरची बिनआवाजाची गाडी

सिस्टरसमोर कोणत्याही गोष्टीची तारीफ करायची सोय नव्हती. भाजी चांगली झाली म्हटलं की त्या म्हणायच्या, "मीठ जास्त पडलं." आणि आपणच भाजी बिघडली म्हटलं की ताट पुढे करून म्हणायच्या, "काय बिघडली? वाढ अजून." यंदा धान चांगलं आहे म्हटलं की त्यांना तुडतुडा दिसायचा. तुडतुड्यानं धान खाल्लं म्हणून कोणी रडत आलं की त्याच माणसाला त्या भरलेल्या लोंब्या दाखवायच्या.

आधी मला वाटायचं, या बाईला भांडायची हौस आहे. मग एकदा त्यांनीच सांगितलं, "ज्या सिस्टरनं एकच बाजू पाहिली ना, तिचा पेशंट गेला समज. ताप उतरला म्हणून इकडं खुश होशील, अन तिकडं हातपाय थंडे पडून राहिले असतीन. दोन्ही पाहा लागते."

चिखल्याच्या खाणीच्या दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी केली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर गावाच्या कडेला घर बांधलं आणि मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिल्या. आमचे हे मॅंगनीजच्या ट्रकवर ड्रायव्हर. आता आम्ही तुमसरला राहतो, पण सिस्टरचं घर आठवलं की अजून माझ्या अंगात वारं भरतं. हे कोणाला बोलून दाखवणं माझ्याकडून होत नाही, म्हणून लिहिते.

गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातची, त्यांनीच जन्माला आणलेली. चांगला मिशीवाला माणूस मोटारसायकल थांबवून नमस्कार करायचा, तर सिस्टर म्हणायच्या, "जीभ दाखव." आणि तो भर रस्त्यात जीभ काढून उभा राहायचा! छातीवर पिनेनं लावलेलं उलटं घड्याळ त्यांनी रिटायर झाल्यावरही सोडलं नाही. पातळं मात्र रंगीबेरंगी नेसायच्या. म्हणायच्या, पांढरं खूप झालं.

मी चौथी शिकलेली, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. माझ्याशी वाद घालायची सिस्टरना संधीच मिळायची नाही, कारण मी काही म्हणायचीच नाही. मग त्या दोन्हीकडून स्वतःच बोलायच्या आणि मी तांदूळ निवडत ऐकायची. असा बॅटरीच्या गाडीचा वाद मी एक अख्खा उन्हाळा ऐकला. घ्यावी, घेऊ नये, घ्यावी, घेऊ नये. शेवटी काय ठरलं ते गाडी दारात आली तेव्हाच कळलं.

ती आली तेव्हा पहिली फजिती कोंबड्यांची झाली. त्या रस्त्यात धुळीत बसल्या होत्या. ट्रकच्या आवाजानं अर्धा फर्लांग आधी पळणाऱ्या कोंबड्या, पण गाडी अगदी चोचीजवळ आली तरी त्यांना पत्ता नाही. मग एकदम फडफडाट! आकाशी रंगाची, लहानशी गाडी. समोर जाळी नाही, मागे धुराची नळी नाही. आणि आत स्टेअरिंगवर आमच्या सिस्टर, घड्याळासकट. नागपूरला भाच्याकडे जाऊन गाडी चालवायला शिकून आल्या होत्या आणि आम्हाला सांगितलं होतं, दात दाखवायला जाते.

आमचे हे गाडीभोवती फिरले, वाकून खाली पाहिलं.

"सिस्टर, हिचं सायलेन्सर कुठं हाय?"

"नाही."

"गेर?"

"नाही."

"डिझेल कुठून टाकता?"

"टाकतच नाही."

"मंग हाय तरी काय जी? हे गाडी हाय का मिक्सर?"

"मिक्सर तरी आवाज करते, बाबू. तुझा ट्रक सुरू झाला का माझ्या दोरीवरचे कपडे काळे होते. हिले ना ऑइल, ना क्लच, ना पंपावर लाइनीत उभं राहाचं. घरचा प्लग, घरची गाडी. मोबाइलसारखी लावली का झोपून जा."

हे ऐकून शेजारचे रिटायर गुरुजी कुंपणावरून म्हणाले, "वा सिस्टर! फार उत्तम केलं. धूर नाही, खर्च नाही."

झालं. सिस्टर गर्रकन फिरल्या. "काय उत्तम, गुरुजी? लाइन गेली का म्हैस होते हे. बसली तर उठत नाही. उन्हाळी धानाच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या का आपल्या गावात बल्ब कंदिलावानी होते, तवा हिचं पोट कसं भरन? बिघडली तर इथं कोणता मिस्त्री हात लावन? नागपूरहून येईन तवा येईन. लांब जाचं म्हटलं का आधी रस्त्यात प्लग कुठं आहे ते पाहा. अन धुराचं म्हणाल, तर आपली लाइट काय फुलं जाळून येते? कोळसाच जळते ना तिकडं?"

गुरुजींचा चेहरा पडला. "मग घेतली काहून?"

"चांगली आहे म्हणून," सिस्टर म्हणाल्या आणि घरात गेल्या.

त्या आठवड्यातच कळलं की घराला अर्थिंगच नाही आणि अर्थिंगशिवाय गाडी चार्ज होत नाही. प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा. वायरमननं अंगणात तुळशीच्या बाजूला खोल खड्डा केला, मीठ आणि कोळशाचे थर टाकले, मधात लोखंडी पाइप उभा केला आणि सांगून गेला, इथं ओल राहिली पाहिजे, रोज पाणी टाका. ते काम माझ्याकडे आलं. सकाळी अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं की उरलेलं पाइपापाशी.

शेजारच्या काकूंनी हे कुंपणावरून चार-आठ दिवस पाहिलं. नवी गाडी आली, मग खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा, आणि रोज ओल्या केसांनी पाणी. त्यांनी समजून घेतलं ते घेतलंच. एक दिवस पाइपाला हळदकुंकू लागलं. दसऱ्यापर्यंत झेंडूची माळ, सुपारी, अर्धा नारळ! मी सिस्टरना हळूच विचारलं, "काढून टाकू?"

"काहून? ठेव. फुलं वाहतीन तर पाणीही टाकतीन."

काकू म्हणाल्या, "कोणत्या देवाचं ठाणं आहे, सिस्टर?"

"लाइनीच्या," सिस्टर म्हणाल्या. त्या महिन्यात गावाची लाइन कमी गेली, आणि काकूंनी तो मान पाइपाला दिला.

गाडीला आवाज नसल्याचा सिस्टरना एक फायदा मिळाला जो कोणत्याही शोरूमवाल्यानं सांगितला नसेल. त्यांच्याबद्दल लोक काय बोलतात ते त्यांना ऐकू यायला लागलं. एकदा मी बाजूला बसले होते. पानठेल्यावर चार माणसं रस्त्याकडे पाठ करून बोलत होती, "म्हातारीले याड लागलं ना. या वयात कोणी गाडी शिकते का?" गाडी त्यांच्यामागे येऊन उभी राहिली तरी कोणाला कळलं नाही. सिस्टरनी काच खाली केली. "लागलं ना याड. पुढं बोल." बोलणारा वळला आणि त्याचा हात आपोआप तोंडाकडे गेला. तो त्यांच्याच हातचा होता. त्याला वाटलं, आता जीभ दाखवा लागते.

पण बायका रस्त्यावर धान वाळवायला टाकतात तेव्हा हाच फायदा जिवावरचा व्हायचा. धान पायानं उलटत चाललेल्या बाईला मागून गाडी आल्याचं कळायचं नाही. आणि सिस्टरना हॉर्न वाजवायला आवडायचं नाही. दवाखान्यात जन्म गेला, आवाज केला की पेशंट दचकते म्हणायच्या. म्हणून त्या खिडकीतून डोकं काढून ओरडायच्या, "बाजू व्हा व बायांनो, सिस्टर येऊन राहिली!" आता हॉर्न जास्त दचकवणारा की ही आरोळी, ते कोणी सांगावं?

पुढच्या वर्षीच्या श्रावणात विहिरीजवळच्या शेवाळावर त्यांचा पाय घसरला आणि उजवा घोटा मोडला. प्लास्टर निघालं तरी हातात काठी आली. नागपूरहून भाचा आला. माणूस मायाळू, मावशीला आईसारखा मानणारा. तो खाटेवर बसून म्हणाला, "मावशी, डॉक्टर म्हणते, या पायानं आता ब्रेक दाबायचा नाही. गाडी उभ्या उभ्या खराब होईन. मंडईला मी एकोडीला येऊनच राहिलो, मामाकडं. तिथपर्यंत कोणाकडून तरी आणून घे, मी तिथून नागपूरला घेऊन जातो. इथं चालवणारं आहे तरी कोण?"

एकोडी सिस्टरचं मूळ गाव. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याची सोंगं होतात, लेकीबाळी आणि पाहुणे येतात. गाडी घेतल्यापासून सिस्टर आसपासच्या एकेका मंडईला जायच्या आणि आपल्या हातच्या पोरांना शोधून काढायच्या. ती गाडी म्हणजे त्यांचे पाय होते. मी दारामागून ऐकत होते. आता सिस्टर काय उलट बोलतात म्हणून वाट पाहत होते.

त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

मला धडकी भरली. सिस्टरना कोणाचं पटलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

भाचा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी पुसत होते. सिस्टर काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "बस."

"कुठं?"

"स्टेअरिंगवर."

"मले नाही जमत, सिस्टर."

"काहून नाही जमत?"

"यांनी शिकवलं होतं एकदा, मालकाच्या जीपवर. क्लच सोडला का गाडी उड्या मारे. मंग म्हणाले, तुह्यानं होत नाही."

"या गाडीत क्लच आहे का?"

"नाही."

"गेर?"

"नाही."

"मंग उडी मारन कोण?"

मी बसले.

खाणीच्या मैदानावर सकाळी सकाळी शिकले. एक पाय चालवायला आणि तोच पाय थांबवायला, बस्स! पहिल्यांदा ती माझ्या पायाखाली सरकली तेव्हा मला वाटलं मैदानच मागे चाललं. आवाज नाही, धक्का नाही. मी ओरडले. मी, जिचं बोलणं घरातल्यांनाही दुसऱ्यांदा विचारावं लागतं. सिस्टर म्हणाल्या, "ओरडू नको, गाडी काय ऐकते तुह्यं?" मी म्हटलं, जमत नाही, तर त्या म्हणायच्या, "हे काय, जमून राहिलं." मी म्हटलं, आज जमलं, तर म्हणायच्या, "काय जमलं? तो दगड पाहिला का?" अशानं मी शिकले.

लर्निंग लायसनसाठी भंडाऱ्याला एसटीनं गेलो. परीक्षा कॉम्प्युटरवर, पण प्रश्न मराठीत. चौथीपर्यंतचं सगळं वाचन मी बोटानं धरून धरून वापरलं. बाहेर आले तर सिस्टरनी पास का नापास विचारलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चाल, भजे खाऊ."

गाडीला मागे-पुढे लाल एल चिकटवला, तो आमच्या ह्यांनी पाहिला.

"हे कोणासाठी?"

मी तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाल्या, "तिच्यासाठी. एकोडीले नेऊन राहिली ती मले."

"सिस्टर, रोडवर ट्रक चालतात. हे मधात सापडली तर?"

"ट्रक तूच चालवते ना? मंग पाहून चालव."

जेवताना ते खाली पाहत म्हणाले, "मले भेव लागते. तुले नाही लागत?"

"लागते," मी म्हटलं. जाऊ नको असं मात्र ते म्हणाले नाहीत.

एकोडीच्या मंडईच्या दिवशी आम्ही उजाडल्यावर निघालो. सिस्टर बाजूला, हिरवं पातळ, मांडीवर काठी. गाव सुटेपर्यंत माझे हात स्टेअरिंगला चिकटले होते. वाटेत जागोजागी धान पसरलेलं. सिस्टरचं डोकं खिडकीबाहेर, "बाजू व्हा व बायांनो!" बायका वळून पाहत, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, आणि मग सूप हातात तसंच. तुमसर मागे पडलं. वैनगंगेच्या पुलावर गार वारा आत शिरला. खाली पाणी चमकत होतं, आणि मला एकदम हसू फुटलं, आवरेना.

"सिस्टर, मले मजा येऊन राहिली!"

"मजा नंतर. डावीकडं घे."

एकोडीला सिस्टरच्या भावाच्या दारात गाडी उभी केली. भाचा धावत आला. "मावशी, आणली कोणी?"

सिस्टरनी काठीनं माझ्याकडे दाखवलं. "चालवणारं कोण आहे म्हणत होता ना तू? हे घे. गाडी आता नागपूरले नाही जात." मी पदर सारखा करत जमिनीकडे पाहत होते.

"यांनी?" तो म्हणाला. त्याला वाटलं, मावशी गंमत करते. मग तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. म्हणाला, "मावशी, येताना सकाळ होती, रस्ता मोकळा होता. परतीचं काय? मी एकच सांगतो. संध्याकाळी घरी पोचून फोन करा. नीट पोचल्या तर गाडी तिथंच राहीन, मी नाव काढणार नाही. मधात कुठं अडकल्या, तर मी येतो अन गाडी नागपूरला."

"मंजूर," सिस्टर म्हणाल्या.

परतायचं तर चार्ज पाहिजे. भावाची पिठाची चक्की होती, तिथं अर्थिंग होतं म्हणून तिथं प्लग लावला, तर लाल दिवा! चक्की मंडईसाठी बंद, आणि अर्थिंगचा खड्डा पावसाळा संपल्यापासून कोरडा. सिस्टरनी घरातल्या सगळ्या सुनांना कामाला लावलं. नव्या लुगड्यांत बायका बादल्या घेऊन चक्कीमागे, आणि मी ओतत होते. एक म्हातारी लांबून म्हणाली, "काव, मंडईत विसर्जन कायचं चालू आहे?" खड्ड्यात पाणी मुरलं आणि दिवा हिरवा झाला तेव्हा सुनांनी अशी आरोळी मारली की दंडारीचा ढोलक्या थांबून पाहायला लागला.

मग सिस्टर दंडार पाहत बसल्या, मुरमुरे खात, आणि दिसेल त्याला जीभ दाखवायला लावत. दुपारी लाइन गेली, ती आलीच नाही. गाडीचं पोट अर्ध्याहून थोडंच वर भरलं होतं. भाचा जवळ येऊन उभा राहिला. "मावशी, राहू दे आता. मी सोडून देतो तुम्हा दोघींना."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. कोणी एक बाजू मांडली की दुसरी त्या मांडायच्या, पण या वेळी ती माझ्यासाठी सोडली. मी दार उघडून स्टेअरिंगवर बसले.

परतीला एसी बंद, काचा खाली. पडद्यावरचा आकडा उतरत होता आणि सूर्यही. अंधारात मी कधी चालवली नव्हती. तुमसर ओलांडून चिखल्याच्या रस्त्याला लागलो आणि पुढे एक रिकामा ट्रक आला. रस्ता अरुंद, ट्रक हळू, आणि मागे धुळीचा असा लोट की समोरचं काही दिसेना. सिस्टरना खोकला लागला. किती वेळ त्याच्या मागेच. आजवर मी उभ्या बैलगाडीशिवाय कोणाला ओलांडलं नव्हतं.

धूळ जरा बसली तेव्हा मागची ताडपत्री दिसली, तिच्यावरचं निळं ठिगळ दिसलं. ते मीच शिवलं होतं.

"सिस्टर, हा यांचा ट्रक."

सिस्टर खोकत होत्या.

मी हॉर्न वाजवला. सिस्टर दचकल्या. ट्रक जरा डावीकडे झाला आणि उजव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. तो हात मी रोज पाहते, भाकर मोडताना पाहते. पण रस्त्यावर तो मागच्या माणसाला काय सांगतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. पंजा उघडा, पुढे, पुढे, सावकाश. रस्ता मोकळा आहे, ये. मला पुढचं दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं. मागे कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं, तरी तो नीट सांगत होता.

मी पाय दाबला. गाडी बाणासारखी निघाली! चाकं, चाकं, मग दार, मग तो हात आमच्या डोक्यावरून मागे गेला आणि समोर सगळा रस्ता रिकामा, डोंगर, तांबडं आभाळ. मागून हॉर्न आला, आधी छोटा, मग लांब, मग थांबेचना. आरशात पाहिलं तर ते खिडकीतून अर्धे बाहेर आले होते आणि दात दिसत होते.

सिस्टर म्हणाल्या, "चांगलं झालं." मी वाट पाहिली. त्यापुढे त्यांनी काही जोडलं नाही.

अंगणात गाडी लावली तेव्हा दिवे लागायचे होते. सिस्टरनी उतरायच्या आधीच भाच्याला फोन लावला आणि घंटी वाजायला लागल्यावर फोन माझ्या हातात दिला. मी मान हलवून नको नको म्हणत होते. त्या काठी टेकत तुळशीकडे निघून गेल्या.

"हॅलो? मावशी?"

मी फोन कानाला घट्ट लावला.

"पोचलो," मी म्हटलं. "गाडी इथंच राहीन."

माझा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

"कोण बोलून राहिलं?"

"ड्रायव्हर," मी म्हटलं.